विमान चाळीस वर्षांचे, आयुष्य इंजिनाच्या तासांचे

मंठा - ट्रॅक्टरच्या इंजिनाचे काम निघाले, की मंठा परिसरातील शेतकऱ्याला पुढचा मार्ग ठाऊक असतो. गॅरेजमध्ये इंजिन खोलायचे, लायनर-पिस्टनचा संच आणायचा, क्रँक घासून घ्यायची, व्हॉल्व्ह बसवून घ्यायचे आणि पेरणीच्या आत ट्रॅक्टर पुन्हा शेतात न्यायचा. मूळ कंपनीचा भाग मिळाला नाही, तर दुसऱ्या कंपनीचा चालतो. तोही नसेल, तर लेथवर काही ना काही जुळवाजुळव होते. वैमानिक होऊ पाहणारे विद्यार्थी ज्या छोट्या विमानांवर शिकतात, त्यांतील बहुतेकांचे इंजिन तत्त्वतः याच कुळातील आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पिस्टन, सिलिंडर, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह, सारे तेच. मात्र तेथे जुळवाजुळवीला जागा नाही, आणि एवढ्या एका फरकामुळे धडधाकट दिसणारे विमान कधी कधी महिनोन्‌महिने हँगरमध्ये उभे राहते.

विमान उभे राहिल्याची झळ सर्वप्रथम विद्यार्थ्याला बसते. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्यासाठी भारतात २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते. या शिक्षणाचा खर्च काही दशलक्ष रुपयांच्या घरात जातो आणि मराठवाड्यासारख्या भागातून त्याकडे वळणाऱ्या कुटुंबाला तो अनेकदा कर्ज काढून किंवा जमिनीचा तुकडा मोडून उभा करावा लागतो. शुल्क भरलेले असते, खोलीचे भाडे चालू असते; पण विमानाला इंजिन नसेल, तर विद्यार्थ्याच्या नोंदवहीतील तास पुढे सरकत नाहीत. त्याहून गंभीर बाजू सुरक्षिततेची आहे. एकच इंजिन असलेल्या विमानात ते बंद पडले, तर वैमानिकाला खाली दिसेल त्या शेताचा आसरा घ्यावा लागतो.

सांगाडा टिकतो, इंजिन संपते

प्रशिक्षणासाठी देशात दीर्घकाळ वापरले गेलेले विमान म्हणजे अमेरिकन बनावटीचे 'सेसना १५२'. दोन आसनांच्या या विमानाचे उत्पादन १९७७ मध्ये सुरू झाले आणि १९८५ मध्ये थांबले. म्हणजे आज उडणारे सर्वात नवे 'सेसना १५२' सुद्धा चाळिशी गाठलेले आहे. त्याआधीचे 'सेसना १५०' १९७७ मध्येच बंद झाले. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा सांगाडा नियमित तपासणी, गंजरोधक लेप आणि वेळच्या वेळी बदललेले रिव्हेट यांच्या आधारावर अनेक दशके टिकतो. इंजिनाचे तसे नाही. त्याचे आयुष्य वर्षांपेक्षा तासांत मोजले जाते.

'सेसना १५२' मध्ये लायकमिंग कंपनीचे ओ-२३५ हे सुमारे ११० अश्वशक्तीचे इंजिन बसविलेले असते. दोन ओव्हरहॉलमधील कालावधी कंपनीने या इंजिनासाठी २,४०० तासांचा सांगितला आहे. 'सेसना १५०' मधील कॉन्टिनेन्टल ओ-२०० या १०० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी तो १,८०० तासांचा आहे. याखेरीज वर्षांचीही एक अट असते: तास पूर्ण झाले नाहीत, तरी बारा वर्षांनी लायकमिंगचे इंजिन उघडून पाहावे, असे उत्पादक सांगतो. अमेरिकेत खासगी मालकाच्या बाबतीत ही मर्यादा शिफारस मानली जाते आणि इंजिनाची प्रकृती पाहून अधिक उड्डाण केले जाते. प्रशिक्षणासारख्या व्यवसायात चालणाऱ्या विमानाला मात्र मंजूर देखभाल कार्यक्रमात जे लिहिले आहे, त्याला बांधून घ्यावे लागते.

हिशेब मांडून पाहिला, तर हे आकडे फार मोठे नाहीत. २,४०० तासांत प्रत्येकी २०० तासांचे बाराच विद्यार्थी बसतात. विमान वर्षाला ८०० तास उडाले, तर तीन वर्षांत इंजिन उतरवावे लागते. दहा विमाने बाळगणाऱ्या संस्थेला या वेगाने दरवर्षी तीन-चार इंजिनांची सोय आधीच करून ठेवावी लागते. इंजिन उतरवण्याची वेळ आल्यावर दुसऱ्या इंजिनाचा शोध सुरू करणारी संस्था विद्यार्थ्यांना खोळंबत ठेवणार, हे उघड आहे.

तपासणी चालते ती कशी?

या इंजिनात चार सिलिंडर असतात. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे झोपलेले. पाणी नाही, रेडिएटर नाही; सिलिंडरवरील पातळ पंखांसारख्या पट्ट्यांमधून वाहणारी हवाच ते थंड ठेवते. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि त्या दोघांना दोन स्वतंत्र मॅग्नेटो. बॅटरी पूर्ण उतरली, तरी इंजिन चालत राहावे आणि एक मॅग्नेटो गेला, तरी दुसऱ्यावर घरी परतता यावे, ही त्यामागची योजना. उड्डाणापूर्वी वैमानिक दोन्ही मॅग्नेटो एकामागून एक बंद करून इंजिनाचे फेरे किती उतरतात, हे पाहतो ते त्यासाठीच.

दर ५० तासांनी इंजिनाचे तेल बदलले जाते. तेल ओतून देण्यापेक्षा महत्त्वाचे काम त्यानंतरचे. जुना फिल्टर कापून त्यातील कागदाच्या घड्या उलगडतात आणि उजेडात धरून त्यात धातूचे कण आहेत का, हे पाहतात. चुंबकाला चिकटणारे कण म्हणजे पोलाद. ते कॅमशाफ्ट, टॅपेट किंवा गिअरकडून आलेले असू शकतात. न चिकटणारे चकचकीत कण अॅल्युमिनियमचे असतील, तर पिस्टनकडे संशय जातो. मंठ्यातील जुना मिस्त्री तेल बोटांवर चोळून जो अंदाज बांधतो, त्याचीच ही शिस्तबद्ध आवृत्ती. येथे मात्र अंदाज लिहून, सही करून ठेवावा लागतो.

सिलिंडरची तपासणी हवेच्या दाबाने होते. ८० पौंडांचा दाब देऊन सिलिंडर तो किती धरून ठेवतो, हे मोजतात. पंच्याहत्तर उत्तम, आकडा साठीच्या घरात घसरला, की हवा कोठून निसटते याचा शोध सुरू होतो. एक्झॉस्टमधून फुसफुस ऐकू आली तर व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंग. या रचनेचा मोठा फायदा असा, की ट्रॅक्टरच्या ब्लॉकप्रमाणे सर्व सिलिंडर एकत्र ओतलेले नसतात. एकच सिलिंडर नटबोल्ट काढून सुटा करता येतो आणि इंजिन विमानावर असतानाच बदलता येतो. मॅग्नेटो साधारण ५०० तासांनी उघडून तपासले जातात. पात्याला जमिनीचा किंवा एखाद्या वस्तूचा धक्का बसून इंजिन अचानक थांबले, तर बाहेरून काहीही बिघडलेले दिसत नसले, तरी ते पूर्ण खोलून क्रँकशाफ्टची सूक्ष्म तडांसाठी चाचणी करणे भाग पडते. विद्यार्थ्याच्या एका चुकलेल्या लँडिंगची किंमत अशी काही लाखांत जाते.

उभे राहिलेले विमान अधिक झिजते, हे मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसविलेला असतो. इंजिन थांबले, की तेल हळूहळू निथळून खाली जाते आणि कॅमचे उंचवटे कोरडे पडतात. पावसाळ्यातील दमट हवेत त्यांवर गंजाचे बारीक ठिपके उमटतात. पुढे इंजिन सुरू झाल्यावर तेच ठिपके कानशीसारखे टॅपेट घासू लागतात आणि मग फिल्टरमध्ये पोलादाचे कण सापडतात. २०२० च्या टाळेबंदीत देशभरातील प्रशिक्षण उड्डाणे थांबली, तेव्हा देखभाल अभियंत्यांपुढे हाच प्रश्न होता. नागपूर फ्लाइंग क्लबची उड्डाणेही त्या सुमारास काही वर्षे बंद होती. नंतर ती पुन्हा सुरू झाली. दीर्घकाळ विमान उभे करायचे असेल, तर इंजिनात खास संरक्षक तेल भरून स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग लावण्याची पद्धत आहे. पण हे काम विमान थांबवण्याच्या दिवशीच करावे लागते. सहा महिन्यांनी आठवण होऊन उपयोग नसतो.

इंजिन येते कोठून?

तास संपलेल्या इंजिनासाठी संस्थेपुढे मोजके मार्ग असतात. खिशाला सर्वात जड मार्ग म्हणजे कारखान्यातून नवे इंजिन. लायकमिंगचा कारखाना अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्यम्सपोर्ट येथे आहे, तर कॉन्टिनेन्टलचा अलाबामा राज्यात मोबाइल या शहरात. कॉन्टिनेन्टल २०११ पासून चिनी सरकारी विमान उद्योगसमूहाच्या मालकीची आहे. त्याखालोखाल कारखान्यातच नव्याने बांधलेले इंजिन येते. जुन्या इंजिनांतील वापरण्याजोगे भाग नव्याच्या मापात आणून ते जुळवलेले असते आणि त्याला शून्य तासांची नवी नोंदवही मिळते. जुन्या इंजिनाचा हिशेब असा पुसून टाकण्याचा अधिकार केवळ मूळ उत्पादकाचा किंवा त्याने नेमलेल्याचा. इतर कोणत्याही कार्यशाळेने कितीही सुंदर काम केले, तरी आधीचे तास नोंदवहीत कायम राहतात.

या खरेदीत एक अट असते. आपले जुने इंजिन परत द्यावे लागते आणि त्याचा क्रँकशाफ्ट व बाहेरील कवच दुरुस्त होण्याजोगे निघावे लागते. कवचाला भेग असेल किंवा क्रँकशाफ्ट मापाबाहेर झिजला असेल, तर त्याची वेगळी किंमत वसूल केली जाते. उत्पादन थांबलेल्या मॉडेलांच्या बाबतीत म्हणूनच मोडीत निघालेल्या इंजिनालाही भाव असतो.

तिसरा मार्ग आपलेच इंजिन मान्यताप्राप्त कार्यशाळेतून ओव्हरहॉल करून घेण्याचा. इंजिन पूर्ण सुटे होते, प्रत्येक भाग धुऊन मोजला जातो, पोलादी भागांची चुंबकीय पद्धतीने आणि अॅल्युमिनियमच्या भागांची रंगद्रव्याने तडांसाठी तपासणी होते. येथे ग्राहकाने एक गोष्ट विचारायलाच हवी: भाग नव्या इंजिनाच्या मापाला बसवले आहेत, की केवळ चालू ठेवण्याच्या सवलतीच्या मापाला? दोन्ही पद्धती नियमांत बसतात, दोन्हींना ओव्हरहॉल म्हणतात. पण इंजिन किती टिकेल, यात मोठा फरक पडतो. भारतात अशा छोट्या पिस्टन इंजिनांचे संपूर्ण काम करणाऱ्या कार्यशाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. नागपूरच्या मिहान प्रकल्पात बोइंगने उभारलेले देखभाल केंद्र २०१५ पासून आहे. पण ते प्रवासी जेट विमानांचे जग. चार सिलिंडरच्या ओ-२३५ ला तेथे स्थान नाही.

चौथा मार्ग सर्वात स्वस्त आणि सर्वात धोक्याचा: परदेशात मोडीत काढलेल्या विमानावरील, काही तास शिल्लक असलेले इंजिन विकत घेणे. ते पडून किती वर्षे झाली, त्याला कधी पात्याचा धक्का बसला होता का, विमान पाण्यात गेले होते का, याचे उत्तर नोंदवहीत नसेल, तर तो व्यवहार करू नये, हे बरे.

डॉलरचा भाव, जहाजाचे भाडे, सीमाशुल्क खात्याची कागदपत्रे हे सर्व या मार्गांवर येतेच. जुलै २०२४ पासून विमानांच्या सुट्या भागांच्या आयातीवर एकसमान ५ टक्के एकात्मिक जीएसटी लागू झाल्याने करातील गोंधळ कमी झाला. प्रतीक्षेचे मात्र तसे झाले नाही. करोनानंतर जगभरची पुरवठा साखळी विस्कळित झाली, तेव्हा काही प्रकारच्या पिस्टन इंजिनांसाठी वर्षाहून अधिक काळ थांबावे लागत होते.

धातूपेक्षा कागद मोलाचा

गॅरेजमधील माणसाला सर्वात खटकणारी बाब हीच. समोर उत्तम स्थितीतील सिलिंडर आहे, माप बरोबर आहे. मग तो बसवायचा का नाही? कारण त्याच्यासोबत कागद नाही. विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाबरोबर तो कोणी, कोठे, कोणत्या मान्यतेखाली बनवला किंवा दुरुस्त केला, याचे अधिकृत प्रमाणपत्र असावे लागते. ते नसेल, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजेच 'डीजीसीए'च्या नियमांनुसार परवानाधारक देखभाल अभियंता तो भाग बसवून सही करू शकत नाही.

ही निव्वळ लालफीत आहे, असे समजण्याचे कारण नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने लायकमिंगच्या काही इंजिनांबाबत आदेश काढला. २०१५ च्या अखेरीपासून सुमारे वर्षभरात कारखान्यातून बाहेर पडलेल्या कनेक्टिंग रॉडच्या छोट्या टोकाकडील बुश सैल पडण्याचा धोका होता. बुश जागेवरून सरकला, तर रॉड तुटून इंजिन आकाशातच निकामी होऊ शकते. आता हे बुश जगभरच्या कार्यशाळांत गेलेले आणि असंख्य इंजिनांच्या पोटात बसलेले. कोणत्या इंजिनात कोणत्या तारखेचा भाग आहे, हे केवळ कागदांवरून शोधता आले. ज्याच्याकडे कागद होते, त्याने पानांवरून बोट फिरवून उत्तर दिले. ज्याच्याकडे नव्हते, त्याला इंजिन उघडण्यावाचून मार्ग उरला नाही.

याच कारणास्तव एका विमानाचे इंजिन उचलून दुसऱ्याला बसवता येत नाही. विमानाच्या मूळ प्रमाणपत्रात ज्या इंजिनाचे नाव आहे, तेच चालते. अधिक शक्तीचे इंजिन बसवायचे, तर त्या बदलासाठी वेगळी पूरक मान्यता लागते. वजन, तोल, पाते, इंधनाचा वापर सारेच बदलते.

पुष्पक, बसंत आणि हंसा

भारताने स्वतःची छोटी विमाने केली नाहीत, असे नाही. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ चा, जे. आर. डी. टाटा यांना देशातील पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो १९२९ मध्ये. त्या काळी विमानही ब्रिटिश आणि इंजिनही ब्रिटिश. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या बंगळूर कारखान्यात 'पुष्पक' हे दोन आसनी विमान तयार झाले. १९५८ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले आणि सुमारे दीडशे पुष्पक देशभरातील फ्लाइंग क्लबांना मिळाली. विमान भारतीय, पण त्याचे ९० अश्वशक्तीचे इंजिन अमेरिकन कॉन्टिनेन्टलचे.

कापूस पिकविणाऱ्या मंठ्यासारख्या तालुक्याला अधिक जवळचे वाटावे, असे विमान म्हणजे 'बसंत'. पिकांवर फवारणी करण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते १९७२ मध्ये उडवले. त्यात लायकमिंगचे आठ सिलिंडरचे ४०० अश्वशक्तीचे इंजिन होते. जेमतेम चाळीस विमाने तयार होऊन १९८० मध्ये उत्पादन थांबले. आज त्याच फवारणीसाठी ड्रोन येत आहेत आणि त्यांच्या विजेच्या मोटारींना ना व्हॉल्व्ह, ना मॅग्नेटो.

बंगळूरच्याच राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने विकसित केलेल्या 'हंसा' या प्रशिक्षण विमानाच्या नव्या आवृत्तीने २०२१ मध्ये पहिले उड्डाण केले. त्याचे इंजिन ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे आहे. पुष्पकापासून हंसापर्यंत सहा दशके उलटली. विमान आपले आणि इंजिन परक्याचे, ही स्थिती मात्र फारशी बदललेली नाही. इंधनाच्या आघाडीवर थोडा दिलासा आहे. जुन्या पिस्टन इंजिनांना लागणारे शिसेमिश्रित विमान पेट्रोल पूर्वी पूर्णपणे आयात होत असे. २०२२ च्या सप्टेंबरपासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याजवळील आपल्या शुद्धीकरण कारखान्यात तयार करू लागले. अर्थात या पेट्रोलमधील शिसे ओ-२३५ सारख्या इंजिनाच्या स्पार्क प्लगवर गोळ्यांसारखे साचते आणि ते काढत बसणे हा हँगरमधील कायमचा उद्योग आहे. गोंदियाजवळच्या बिरसी येथील प्रशिक्षण संस्थेत उडणाऱ्या डायमंड विमानांच्या काही आवृत्त्या जेटच्या इंधनावर, म्हणजे जवळपास रॉकेलवर चालतात. तशा काही इंजिनांना ओव्हरहॉल नसतेच. तास भरले, की सबंध इंजिन बदलायचे.

प्रवेश घेण्यापूर्वी

२५ जुलै २०२२ रोजी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कडबनवाडी येथे बारामतीच्या एका प्रशिक्षण संस्थेचे 'सेसना १५२' शेतात कोसळले. शिकाऊ वैमानिक तरुणी जखमी झाली, पण बचावली. अशा प्रत्येक घटनेमागे इंजिनच असते, असे नाही. हवामान, इंधन, वैमानिकाचा निर्णय यांचाही वाटा असतो. इंजिन बंद पडले, तरी विमान दगडासारखे खाली येत नाही. हजार मीटर उंचीवरील 'सेसना १५२' वारा नसताना आठ-नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते आणि तेवढ्या वेळात जागा निवडण्याचा सराव प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेतला जातो. उन्हाळ्यातील नांगरलेले रान आणि श्रावणातील चिखलाचे काळे रान यांत मात्र मोठे अंतर आहे.

प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांना संस्था सहसा विमानांची एकूण संख्या सांगतात. विचारायला हवे ते वेगळेच: आज यांतील उड्डाणयोग्य किती? प्रत्येकाच्या इंजिनाचे किती तास उरले आहेत? पुढचे इंजिन मागवले आहे का, आणि ते कोणत्या प्रकारचे, नवे, कारखान्यात बांधलेले की ओव्हरहॉल केलेले? गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना २०० तास पूर्ण करायला प्रत्यक्षात किती महिने लागले? यांतील एकाही प्रश्नाला तांत्रिक शिक्षण लागत नाही. उत्तरे हँगरमधील नोंदवह्यांत तारीख आणि सहीनिशी लिहिलेली असतात. उड्डाणाला निघणारा वैमानिक विमानाजवळ जाण्यापूर्वी त्या पाहतो, आणि शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी पालकांनीही त्या दाखवण्याचा आग्रह धरायला हरकत नाही.